छोट्या चित्रपटाला पडदा कोण देतो?

कमी खर्चात केलेल्या स्वतंत्र चित्रपटांविषयी आणि माहितीपटांविषयी बोलणे निघाले की ते लगेच पैशावर येते. कोणी घर गहाण टाकले, कोणी मित्रांकडून उसनवारी केली, कोणी चार वर्षे दुसरी कामे करून रिळांचा खर्च भागवला. या कथा खऱ्या असतात आणि त्यांच्यामागचे कष्ट आदर वाटावा असेच असतात. पण आपल्याकडच्या चित्रपटाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर पैशाची अडचण कोणी ना कोणी, कशी ना कशी सोडवलेली दिसते. वर्षानुवर्षे तशीच राहिलेली अडचण वेगळी आहे. तयार झालेला चित्रपट दाखवायचा कुठे, आणि तो बघायला आपण होऊन कोण येणार? मोठ्या चित्रपटाला वितरक असतो, थिएटरांची साखळी असते, जाहिरात असते. छोट्या चित्रपटाला यातले काहीच नसते, म्हणून त्याला आपला प्रेक्षक स्वतः जमवावा लागतो. माझे म्हणणे असे आहे की या देशात छोटा चित्रपट जिथे जगला, तिथे त्याला जगवण्यात प्रेक्षकाचा हात होता. जिथे प्रेक्षकाला गृहीत धरले किंवा विसरले गेले, तिथे भरपूर पैसा असूनही तो मेला.

सुरुवात मुंबईतूनच करावी लागते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. 1901 मध्ये केंब्रिजला गणितात अव्वल येऊन परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. म्हणजे भारतीय माणसाने हाती घेतलेल्या कॅमेऱ्याचे पहिले काम माहितीपटाचे होते, आणि ते एका छायाचित्रकाराने स्वतःच्या हिमतीवर केले होते. दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी आधी एका रोपाची वाढ टिपणारा छोटा चित्रपट केला आणि पैसे देऊ शकणाऱ्यांना तो दाखवला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि तिथून पुढे फाळक्यांची खरी धडपड प्रेक्षकासाठी होती. तासन्‌तास चालणारे नाटक कमी पैशांत बघायला सरावलेल्या सुरतच्या लोकांसाठी त्यांनी जाहिरात केली, ती 57 हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत दाखवण्याची. यात चलाखी होती हे खरे, पण समोरचा माणूस कशाच्या सवयीचा आहे, त्याला काय महाग वाटते, याची त्यांना जाणही होती. पुढच्या अनेक गंभीर चित्रकर्त्यांकडे नेमकी ही जाण नव्हती.

प्रश्न फक्त पडद्याचाच असता, तर फिल्म्स डिव्हिजनने तो कधीच सोडवला असता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने आपले प्रचारपट थिएटरांत सक्तीने दाखवायला लावले. स्वतंत्र भारताने ती पद्धत जवळजवळ तशीच पुढे चालवली. 1948 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. थिएटरच्या परवान्यात अटच घातली गेली की प्रत्येक खेळाआधी सरकारमान्य अनुबोधपट किंवा बातमीपट दाखवलाच पाहिजे आणि त्याचे भाडेही थिएटरमालकाने भरले पाहिजे. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली. जगात क्वचितच कोणत्या माहितीपटाला एवढे पडदे मिळाले असतील. मराठीसह अनेक भाषांतल्या प्रती आठवड्यामागून आठवडे गावोगावच्या थिएटरांत जात होत्या. तरी काय झाले? मुख्य चित्रपट सुरू होईपर्यंत लोक बाहेर चहाच्या टपरीवर थांबू लागले. माहितीपट म्हणजे धरण, खत, कुटुंबनियोजन आणि मंत्र्यांचे हार, ही समजूत याच काळात घट्ट बसली आणि अजून पुरती गेलेली नाही. यात सर्वांत मोठा अन्याय झाला तो त्याच संस्थेतल्या गुणी माणसांवर. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जाँ भावनगरींच्या पाठबळाने एस. सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री, प्रमोद पती यांनी तिथे विलक्षण काम केले. शास्त्रींच्या 1967 च्या ‘आय अ‍ॅम 20’मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली तरुण मुले देशाविषयी जे मोकळेपणाने बोलतात, ते आज पाहतानाही अंगावर येते. पण सक्तीच्या खेळात असे चित्रपट बघायला कोणी आवर्जून येत नव्हते, आणि आवर्जून येणाऱ्याला ते कधी, कुठे लागणार हे कळण्याची सोय नव्हती. पडदा होता, पण प्रेक्षकाचा होकार नव्हता.

कथापटांच्या बाबतीत याच्या उलट घडले. 1960 मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ 1969 मध्ये या संस्थेच्या लहानशा कर्जावर झाला आणि तो लोकांनी उचलूनही धरला. त्याच वाटेने मणी कौल आले. मराठीत सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या नाटकावरून केलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1971 मध्ये आला. सरकारने कर्ज दिले, पण थिएटर दिले नाही. वितरक हात लावत नव्हते, आणि संस्थेकडे स्वतःची अशी चित्रपटगृहांची साखळी नव्हती. कितीतरी चित्रपट एखाद्या महोत्सवात दाखवले गेले, त्यांच्यावर चार लेख आले आणि ते डब्यात गेले. मग 1976 मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने संस्थेवर ठपका ठेवला की हा पैसा वसूल होत नाही. या ठपक्यात तथ्य होते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दोष चित्रपट करण्यात होता असे मानले गेले, तो दाखवण्याची व्यवस्था न करण्यात होता हे कोणी पाहिले नाही. याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. गुजरातमधल्या सुमारे पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले होते आणि पटकथा विजय तेंडुलकरांची होती. चित्रपट लागल्यावर हेच शेतकरी गाड्या करून तो बघायला आले, कारण तो त्यांचा होता. दोन रुपये ही रक्कम कोणाला जड नव्हती, पण ती घातली त्या दिवशी त्यातल्या प्रत्येकाने आपले तिकीट काढून ठेवले होते असे म्हणायला हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल की सहकारी संघाच्या सभासदांची गोष्ट वेगळी, पण एरवी सामान्य प्रेक्षकाला असे चित्रपट समजत नाहीत. हा आक्षेप इतक्यांदा घेतला जातो की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातले हेग्गोडू हे लहानसे खेडे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी उभ्या केलेल्या ‘नीनासम’ने सत्तरच्या दशकात जगातले अभिजात चित्रपट शेतकऱ्यांना आणि मजुरांना दाखवायला सुरुवात केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर तिथे चित्रपट घेऊन गेले, आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथे रसग्रहणाचे वर्ग घ्यायला गेले. ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘पथेर पांचाली’ पाहून त्या खेड्यातल्या माणसांनी काय समजायचे ते समजून घेतले. महाराष्ट्रात फिल्म सोसायट्या होत्या. मुंबईत 1968 मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी माणसाला जागतिक चित्रपटाची ओळख करून दिली आणि ‘वास्तव रूपवाणी’सारखे नियतकालिक चालवले, हे ऋण मोठे आहे. पण आपल्या सोसायट्यांची वाढ मुख्यतः शहरांत, शिकलेल्या मध्यमवर्गात झाली. परदेशी चित्रपट न कापता पाहण्याची ओढ तिथे जास्त आणि शेजारच्या गिरणगावात कोणी माहितीपट करत आहे याची दखल कमी, असे बराच काळ चालले. हेग्गोडूने जे केले ते मिरजेत किंवा परभणीत त्याच चिकाटीने झाले असते, तर मराठी छोट्या चित्रपटाला आज आधीपासून घडलेला प्रेक्षक मिळाला असता.

सामान्य प्रेक्षकाला समजत नाही, या म्हणण्याला खरा छेद दिला तो चळवळींबरोबर वाढलेल्या माहितीपटांनी. आनंद पटवर्धन यांनी बिहार आंदोलनावर ‘क्रांती की तरंगें’ केला तो सुपर आठ आणि सोळा मिलीमीटरच्या साध्या साधनांनी. आणीबाणीत तो चोरून दाखवावा लागला आणि त्याची प्रत तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. 1980 मध्ये दीपा धनराज, अभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा गट काढला. त्यांचा पहिला माहितीपट 1981 चा ‘मोलकरीण’. पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप करून आपली संघटना बांधली, त्याची ही गोष्ट. पाठोपाठ त्यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर चित्रपट केला. या दोन्ही चित्रपटांत बायकांनी स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग स्वतः उभे केले, आणि चित्रपट तयार झाल्यावर तो प्रोजेक्टरसकट इतर कामगार वस्त्यांत नेला गेला. दाखवून झाल्यावर चर्चा होई, आणि त्या चर्चेसाठीच तो केलेला असे. भांडी घासून आलेल्या बाईला पडद्यावर आपल्यासारखीच बाई मालकिणीशी पगाराचे बोलताना दिसली, तेव्हा तिला समजावून सांगायला समीक्षकाची गरज पडली नाही. केरळमध्ये जॉन अब्राहम यांनी 1984 मध्ये कोळिकोडला ‘ओडेसा’ हा गट उभा केला. गावोगाव फिरून, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशावर 1986 मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला. तो थिएटरांत न लावता पुन्हा गावोगावच फिरवला गेला. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापुढे तो आधी गेला.

पटवर्धनांच्या कामात प्रेक्षक मिळवण्याचा हा लढा सर्वांत दीर्घ काळ दिसतो. सेन्सॉरने सुचवलेले बदल नाकारून ते न्यायालयात गेले आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘जंग और अमन’ एकही काटछाट न करता मोकळा केला. दूरदर्शनने आपले माहितीपट दाखवावेत म्हणून त्यांनी एकामागून एक खटले लढवले आणि जिंकले. सार्वजनिक वाहिनीचा पडदा हा नागरिकांचा आहे, तिथे आपला चित्रपट लागणे ही मेहेरबानी नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला 14 वर्षे लागली. तीन तासांहून लांब असलेला हा माहितीपट वस्त्यांमध्ये, चाळींच्या मोकळ्या जागेत दाखवला गेला आणि लोक शेवटपर्यंत बसून राहिले. लांबी आणि गांभीर्य यांना प्रेक्षक घाबरतो, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर काय हवे? त्याच काळात चित्रकर्त्यांनी एकत्र येऊनही पडदा उभारला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला, त्याला शेकडो चित्रकर्त्यांनी विरोध केला. अट मागे घेतली गेली, पण निवडीत अनेक बोचरे माहितीपट वगळले गेले. तेव्हा फेब्रुवारी 2004 मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव भरला. गुजरातच्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ असाच वगळलेला होता. पुढे त्यावर बंदी आली, तेव्हा शर्मांनी लोकांनाच सांगितले की याच्या प्रती करा आणि वाटा.

आतापर्यंतची उदाहरणे चळवळीची आहेत, आणि यावरून कोणी असे म्हणू शकेल की छोटा चित्रपट विचारांच्या कुबडीवरच चालतो. मालेगावने हे खोटे ठरवले. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 मध्ये सुमारे 50 हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ केला. कलाकार गावातलेच होते, बोली गावातली होती, विनोदही गावाच्या रोजच्या हालांवरचे होते. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, वर न्यायला बैलगाडी. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी चित्रपट बघायला गर्दी उसळायची. नासिर शेख यांनी आधी वर्षानुवर्षे लोकांना चित्रपट दाखवले होते, कुठे टाळ्या पडतात आणि कुठे लोक उठून जातात हे त्यांनी पाहिले होते, आणि मग ते चित्रपट करायला लागले. माझ्या दृष्टीने मालेगावचे खरे महत्त्व इथे आहे. त्यांचा ‘सुपरमॅन’ घडताना फैझा अहमद खान यांनी जो माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, तो 2008 मध्ये तयार झाला आणि जगभर फिरला. भारतातल्या थिएटरांत तो लागायला मात्र 2012 उजाडले. तोवर पडद्यावर सुपरमॅन झालेला यंत्रमाग कामगार शफीक शेख कर्करोगाने गेला होता. गावाने आपला चित्रपट लगेच पाहिला, आणि त्या गावावरचा माहितीपट देशाला दिसायला चार वर्षे गेली.

मराठी कथापटाच्या अलीकडच्या इतिहासातही हीच गोष्ट दिसते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला 2004 मध्ये राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. तो ऑस्करसाठी पाठवला गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांपासून मोठ्यांपर्यंत अनेकांनी पैसे दिले, कारण तोवर लोकांनी तो पाहिला होता. एप्रिल 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याचा आदेश काढला, आणि त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लागला. व्हेनिसमध्ये आधीच दोन पुरस्कार मिळवलेला, बहुतेक अव्यावसायिक कलाकार असलेला, एका शाहिरावरच्या खटल्याचा हा चित्रपट. आदेशाचा हेतू मला मान्य आहे. मोक्याची वेळ मोठ्या हिंदी चित्रपटाने बळकावली की छोट्याला सकाळी अकराचा खेळ उरतो, आणि त्या वेळी नोकरदार माणूस येऊ शकत नाही. पण फिल्म्स डिव्हिजनचा अनुभव विसरून चालणार नाही. नियमाने वेळ मिळते, खुर्चीत माणूस मिळत नाही. ‘फँड्री’, ‘कोर्ट’, ‘स्थळ’, ‘साबर बोंडं’ यांना सन्मानांच्या बातम्यांमुळे थोडा प्रेक्षक मिळाला. ज्या चित्रपटाला असा सन्मान मिळत नाही, तो एका आठवड्यात उतरतो, आणि तालुक्याच्या गावात तर लागतही नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप उरतो. छोटे चित्रपट अनेकदा खरोखरच वाईट असतात. आवाज नीट ऐकू येत नाही, संकलन सैल असते, विषय मोठा आणि हाताळणी कच्ची असते, मग प्रेक्षकाने केवळ सहानुभूतीने तिकीट का काढावे? काढू नये. कमी पैसा ही काही गुणवत्ता नाही आणि प्रेक्षकाने डोळेझाक करणे हा चित्रकर्त्यावर उपकारही नाही. पैसा कमी म्हणून परदेशातले दृश्य घेता आले नाही, हे समजू शकते. पण माणूस काय बोलतो ते ऐकू येऊ नये, याला माफी नाही. मात्र हे परखड मत देण्यासाठीही चित्रपट आधी पाहावा लागतो. न पाहताच कंटाळवाणा ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि तिने वाईट चित्रपटांपेक्षा चांगल्यांचे जास्त नुकसान केले आहे. मालेगावचा प्रेक्षक अत्यंत चोखंदळ होता, आवडले नाही तर उठून जाणारा, पण तो आधी येऊन बसत होता.

आता ओटीटी आणि यूट्यूब आल्यावर हा सगळा प्रश्न जुना झाला, असे म्हणणारेही आहेत. सोय झाली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. एके काळी एका प्रतीसाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागणारे माहितीपट आज घरबसल्या दिसतात. पण मोठे ओटीटी मंच जुन्या वितरकासारखेच हिशेब करतात. छोटा कथापट त्यांनी घेतला नाही तर तो घेणारे दुसरे फारसे कोणी नाही, आणि राजकीय माहितीपटाला तर ते सहसा हातच लावत नाहीत. यूट्यूबवर चित्रपट असतो, पण तो आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय निपाणीच्या बायकांनी एकत्र बसून जे पाहिले आणि नंतर जे बोलल्या, ते एकट्याने हातातल्या फोनवर पाहून होत नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 2016 च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्राच्या जत्रांतले तंबू थिएटर शेवटचे श्वास घेताना दिसते. त्या तंबूबरोबर गावात एकत्र बसून चित्रपट बघण्याची जी रीत मोडली, तिच्या जागी दुसरे काही उभे राहिलेले नाही.

ते उभे करणे फार खर्चाचे नाही. महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, बहुतेक तालुक्यांत एखादे सभागृह आहे, महाविद्यालयांत प्रोजेक्टर धूळ खात पडलेले आहेत, आणि व्याख्यानमाला चालवण्याची आपली परंपरा तर शंभर वर्षांहून जुनी आहे. वसंत व्याख्यानमालेला जो माणूस आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन बसतो, तो महिन्यातून एकदा माहितीपट बघायलाही येईल, त्याला बोलवायला हवे एवढेच. म्हणून या ग्रंथालयांच्या आणि व्याख्यानमालांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. दर महिन्याला एक छोटा मराठी चित्रपट किंवा माहितीपट निवडा, चित्रकर्त्याची रीतसर परवानगी घ्या, थोडे का होईना पण तिकीट ठेवा, जमा झालेल्या पैशातून त्याचे मानधन त्याला पाठवा, आणि खेळ संपल्यावर दिवे लावून लोकांना अर्धा तास बोलू द्या.